वन्सं, ते इंजिन तुम्ही खोललंत

वन्सं, तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि मला अजून नीट रडायला सवड मिळालेली नाही. कारण मी संतापलेली आहे. संतापणं आणि रडणं मला एका वेळी जमत नाही, आवाज चिरकतो. तेव्हा आधी संताप.

सोसायटीची स्मरणिका निघते आहे. तिच्यात तुमच्यावर एक चौकट येणार. परवा चेअरमन तयार मजकूर घेऊन घरी आले. खाली यांची सही हवी होती. यांची म्हणजे माझ्या नवऱ्याची, तुमच्या धाकट्या भावाची, बापूंची. मथळा होता, ‘कै. कुमुदताई : एक मायाळू, सुगरण व्यक्तिमत्त्व’. सुगरण! तुम्ही केलेला उपमा या घरानं एकदा खाल्लाय. पुन्हा करू नये म्हणून तेव्हापासून तुम्हाला आम्ही ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. आणि मायाळू? अहो, दूधवाला तुमचा आवाज ऐकला की पिशवी दारात टाकून जिना उतरायचा.

तेही चालवून घेतलं असतं. पुढचं वाक्य वाचलं आणि चष्मा काढून पुसला. ‘बंधू बापूसाहेब घरच्या घरी मोटारीच्या इंजिनाची अवघड दुरुस्ती करीत, तेव्हा कुमुदताई त्यांना पाने-पक्कड हातात देऊन मोलाची साथ देत.’

“दोनशे शब्दांत बसवलंय, काकू,” चेअरमन म्हणाले. “काही राहिलं असेल तर सांगा.”

“राहिलंय ना. ती बाईच राहिलीय.”

ते समजुतीनं हसले. म्हातारी दुःखात आहे, असं त्यांना वाटलं असावं. तोवर यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. वाक्य वाचलं होतं, मान डोलावली होती आणि सहीसाठी कागदावर हातही ठेवला होता. मी तो कागद हाताखालून ओढून घेतला. “मजकूर मी लिहिते,” म्हटलं. “सही त्याच्याखाली होईल.”

“सोमवारपर्यंत द्या,” चेअरमन म्हणाले. “आणि दोनशेच शब्द हं, काकू.”

शब्द कधीच दोनशेच्या वर गेलेत. जाऊ देत. तुम्ही पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेत कधी काम पुरं केलं नाहीत.

तेराव्याच्या दिवशीही हेच झालं होतं. याच चेअरमननी उभं राहून हेच सांगितलं, सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या आणि यांनीही. आमची नात रेवा शेजारी होती. तिला लहानपणापासून तुम्ही मांडीवर घेऊन कार्ब्युरेटर समजावलेला. ती कानात म्हणाली, “आजी, से समथिंग! हे टोटली राँग आहे.” मी गप्प. नंतर तिला सांगितलं, तोंडात जिलबी होती. वन्सं, जिलबी ताटात होती. तोंड रिकामं होतं.

आता जिचा सगळ्यात जास्त संताप येतोय त्या बाईबद्दल सांगते. संताप चेअरमनचा नव्हे, ते बिचारे नंतर राहायला आले, ऐकलं ते लिहिलं. ही थाप ज्या बाईनं रचली, ती तेव्हा तिशीतली होती, पदवीधर होती, नखांना गुलाबी पॉलिश लावायची, आणि आपला नवरा बँकेत नुसते व्हाउचर तपासतो याची तिला आतून लाज वाटायची. तिला कर्तबगार नवरा हवा होता. घरात कर्तबगारी होती, पण ती नणंदेच्या अंगात. म्हणून तिनं ती उचलून नवऱ्याच्या अंगावर घातली. मापात बसत नव्हती, तरी घातली. ती मी.

तुम्ही इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायच्या. मुलांना हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची, एवढंच काम. पण खिडकीच्या पलीकडे वर्षानुवर्षं जे शिकवलं जात होतं ते मुलांच्या कानातून निघून तुमच्या डोक्यात जाऊन बसत होतं. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं ते आपली गाडी साताऱ्याहून येताना खंबाटकीच्या घाटात उकळली तेव्हा. कशीबशी ओढून कर्वेनगरला आणली. तुम्ही तेल तपासायची पट्टी बाहेर काढलीत, बोटावर तेल घेतलंत आणि माझ्या नाकासमोर धरलंत.

“मालू, काय दिसतंय?”

“चहा,” मी म्हटलं. खरंच तसंच दिसत होतं.

“दुधाचा चहा. पाणी तेलात गेलंय. हेडचं गास्केट उडालं.” आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, “कुकरचं झाकण ठाऊक आहे ना? त्याची रिंग गेली असं समज.”

गॅरेजवाला येऊन बघून गेला. तुम्ही म्हणालात, घरीच करू. तो हसला. “ताई, इंजिन खोलणं म्हणजे काय मटार सोलणं आहे का?”

“मटार तुम्ही सोला,” तुम्ही म्हणालात, “इंजिन मी खोलते.”

नवरात्राची सुट्टी होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये जुनी सतरंजी घातलीत, पदर खोचलात आणि बॉनेटखाली वाकलात. मिठाईच्या खोक्याच्या झाकणाला दहा भोकं पाडलीत आणि हेडचा जो बोल्ट जिथून निघाला तो झाकणावर त्याच जागी उभा केलात. बाहेरच्या बोल्टपासून सुरुवात, प्रत्येकाला पाव फेरा, पुन्हा पहिल्यापासून. मी पुस्तक धरून बसले होते. “एकदम काढून टाका ना,” असं मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तुम्ही नुसतं बघितलंत.

हे तेव्हा कुठे होते? बँकेत. सहाला यायचे. आल्यावर बनियनवर खाली उतरून उघड्या बॉनेटपाशी कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. एके दिवशी यांचे बँकेतले मित्र येणार होते. मी काय केलं असेल? डब्यातलं ग्रीस दोन बोटांवर घेतलं आणि यांच्या बनियनला फासलं, थोडं मनगटाला. हे म्हणाले, “अगं, हे काय?” मी म्हटलं, “असू द्या.” मित्र आले, म्हणाले, “बापू, कमाल आहे तुझी!” यांनी मनगट पुसलं नाही. तुम्ही गाडीखालून हे सगळं ऐकत होतात. तुमचे पाय तेवढे दिसत होते.

हेड घासून सपाट करायला नाना पेठेत लेथवाल्या चाचांकडे न्यायचं होतं. रिक्षात सात-आठ किलोचं ते धूड माझ्या मांडीवर, वर शाल. रिक्षावाल्यानं आरशातून पाहून विचारलं, “बाळ किती महिन्यांचं, ताई?” तुम्ही म्हणालात, “महिन्यांचं नाही, चार सिलिंडरचं आहे.” त्यानं संपूर्ण लक्ष्मी रोडवर मागे वळून पाहिलं नाही. मी इतकी हसले की हेड निसटणार होतं. एवढं हसून मग दुकानात मी काय केलं ते पाहा. चाचांनी हेडवरून अंगठा फिरवला, कडा तपासल्या. विचारलं, “खोललं कुणी? एक आटा गेला नाही, कुठे ओरखडा नाही.”

“आमच्या ह्यांनी,” मी म्हटलं. तुम्ही शेजारी उभ्या असताना!

चाचांनी माझी गुलाबी नखं पाहिली. मग तुमची काळी नखं पाहिली. “साहेबांना सांगा,” ते तुमच्याकडे बघून म्हणाले, “हात फार चांगला आहे.” तुम्ही म्हणालात, “सांगते.”

परतीच्या रिक्षात तुम्ही मला एक शब्द बोलला असतात तर मी त्या दिवशी सुधारले असते. का नाही बोललात? हा माझा तुमच्यावरचा राग आहे, खरा राग, आणि तो तुम्ही गेलात म्हणून कमी करणार नाही. दूधवाल्याला झाडायच्या, चाव्या उशिरा देणाऱ्या प्राचार्यांना झाडायच्या, आणि मला मात्र सोडून द्यायच्या.

मग आली खंडेनवमी. हेड चाचांकडे, इंजिन पार्किंगमध्ये उघडं, चारही पिस्टनची टाळकी उघडी पडलेली, त्यावर तुमच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा झाकलेला. तुम्ही बजावून आंघोळीला गेला होतात, “याला हात लावायचा नाही.” मी पान्यांची पूजा केली, हातोडीला झेंडू वाहिला. पण मुख्य देव झाकलेला. झाकलेल्या देवाची पूजा कुठे करतात का? मी फडकं उचललं. चारही पिस्टनना हळदकुंकू लावलं. आणि मग दोन्ही हातांनी, डोळे मिटून, भरघोस अक्षता वाहिल्या. पदवीधर बाई!

तुम्ही ओल्या केसांनी खाली आलात. पाहिलंत. मला वाटलं आता आकाश कोसळणार. तुम्ही विचारलंत, “किती वाहिल्यास?”

“मूठभर.”

“मोजून वाहायच्या होत्यास. मोजून काढता आल्या असत्या.”

मग घरातून कणकेचा गोळा आणायला सांगितलात, आणि तो टेकवून टेकवून एकेक दाणा टिपून घेतलात. तासभर. मी पोळ्यांची कणीक तुम्हाला दिली, म्हणून त्या दिवशी यांना डब्यात भात गेला, आणि हे त्याबद्दलही कुरकुरले.

चाचांकडून हेड आलं. बोल्ट नेमके किती घट्ट करायचे याचा खास पाना असतो, तो आपल्याकडे नव्हता आणि कॉलेजातून आणणं तुम्हाला मान्य नव्हतं. तुम्ही रद्दीवाल्याचा लोंबता काटा पैदा केलात. पान्याला हातभर पाइप जोडायचा, पाइपच्या टोकाला काटा अडकवायचा आणि काटकोनात ओढायचं. पहिल्या फेरीला चार किलो, दुसरीला आठ, तिसरीला बारा. आता मधल्या बोल्टपासून बाहेर. मी आकडे वाचायचे, तुम्ही ओढायच्या. “बारा!” मी ओरडायचे. रद्दीवाला कुंपणापाशी उभा राहून पाहत होता. “एवढ्या अचूक काट्यानं आमची रद्दी कधी तोलली नाहीत, दादा,” तुम्ही त्यालाही सोडलं नाहीत.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. हे मित्रांना घेऊन खडकवासल्याला फिरून आले. आठ दिवस आमच्या घरी कौतुकाचा मुक्काम होता, आणि नवव्या दिवशी इंजिनातून टकटक ऐकू आली.

तुम्ही लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ऐकलंत. “वर तेल पोचत नाहीये,” म्हणालात. पुन्हा हेड उघडलंत. ब्लॉकमधून वर तेल नेणारं बारीक भोक असतं. त्यात सायकलची तार घालून तुम्ही हळूच काहीतरी ओढून काढलंत आणि तळहातावर घेतलंत. तांदळाचा एक दाणा. तेलानं काळा झालेला, पण अख्खा. तुटका असता तर वाहून गेला असता. पण अक्षता अखंड लागतात, म्हणून मी बसून अख्खे दाणे निवडले होते.

तेवढ्यात हे जिन्यावरून आले, मागे दोन मित्र. “आता काय झालं?”

तुमची मूठ मिटली. “आत फडक्याचा धागा राहिला होता,” तुम्ही म्हणालात. “माझं चुकलं.”

“म्हणूनच सांगत होतो, ताई! हे बायकांचं काम नाही. एवढी केलेली मेहनत पाण्यात घातलीस.” मेहनत कुणाची, वन्सं? मित्रांपैकी एक म्हणाला, “जाऊ दे बापू, तू पुन्हा करशील.” आणि मी तिथेच होते, दहा पावलांवर, हातात चहाचा ट्रे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी काय विचारलं, आठवतंय? “साखर बेताची झालीय का हो?”

ती गाडी तुम्ही दुसऱ्यांदा बसवलीत ती भंगारात जाईपर्यंत पुन्हा उघडावी लागली नाही. आमची मुलगी तिच्यावर गाडी शिकली. म्हणजे बघा, बिघडली ती तुमच्यामुळे आणि चालली ती यांच्यामुळे. हिशेब माझ्या घरात असा लागला, आणि तो लावणारी मी.

आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत? दुसऱ्या दिवाळीच्या सुट्टीत मला हाक मारलीत. टॅपेटच्या, म्हणजे झडपा दाबणाऱ्या दांड्यांच्या, फटीत सरकवायची ती पातळ पोलादी पट्टी माझ्या हातात दिलीत. “ओढून बघ. सैल नको, अडकायला नको. थोडी नाराजीनं सरकली पाहिजे.” ज्या हातानं अक्षता वाहिल्या त्या हातात! मी ओढली. तुम्ही म्हणालात, “नाराजी कमी आहे, अजून घट्ट कर.” त्यानंतर दर सुट्टीला ते काम माझं होतं. माझी नखं काळी झाली आणि पॉलिश सुटलं. आयुष्यात मला कुणी काही विश्वासानं सोपवलं असेल तर ती फट. याबद्दल आभार मानायचे राहून गेले, कारण आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार मानले की ते विचारतात, “बरं वाटत नाहीये का?”

गेल्या काही वर्षांत मात्र मी तुमच्या मागे लागले होते, की यांना सांगून टाकू. दर वेळी तुमचं एकच. “चूक माझीच होती. उघडं इंजिन ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. मी भोक तपासलं नाही.”

“अहो, पण तांदूळ माझे!”

“तांदूळ देवाला वाहिले होतेस. मला नाही.”

“हे काय उत्तर झालं?”

“आणि मला पुन्हा खोलायला मिळालं. ते काय कमी होतं?”

यावर मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. शेवटचं भांडण हेच. मागच्या महिन्यात रेवा खराडीहून नवी गाडी घेऊन आली, तुम्हाला खुर्चीवर बसवून खाली नेलं, बॉनेट उघडलं. आत सगळीकडे काळं प्लास्टिकचं झाकण. “हे काय, इंजिनाला मखर?” तुम्ही विचारलंत. रेवा म्हणाली, “आजकाल कुणी ओपन करत नाही गं, डायरेक्ट सर्व्हिस सेंटर.” तुम्ही इतक्या चिडलात की तुमचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. वर आल्यावर मी पुन्हा विषय काढला. तुम्ही कूस बदलून म्हणालात, “उद्या भांडू.” भांडणातसुद्धा इतक्या उधळ्या कधी नव्हतात तुम्ही, उद्यावर टाकण्याइतक्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

हे सगळं लिहून झालं आणि आज दुपारी मी कागद यांच्यापुढे ठेवले. “वाचा आणि सही करा. नाही केलीत तर मी माझ्या नावानं नोटीस बोर्डावर लावणार.” हे भिंग घेऊन बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिले. चाळीस वर्षं एका माणसाला आपण जे घालून मिरवू दिलं ते म्हातारपणी उतरवून मागायचं, सोपं नाही.

तासाभरानं हाक आली. भिंग टेबलावर होतं. मला वाटलं बनियनच्या ग्रीसवरून बोलतील, अब्रूवरून बोलतील. ते म्हणाले, “एक दुरुस्ती आहे. पाने मीही दिले नव्हते तिला. मला कुठला पाना कितीचा तेच कळायचं नाही. ते लिही.”

“लिहिते.”

“मला ठाऊक होतं गं, की मी काही केलेलं नाही. पण लोक म्हणायचे ते गोड लागायचं.” मग यांनी अक्षतांचं पान पुन्हा काढलं. “तांदूळ मात्र ठाऊक नव्हता. मी ताईला त्या दिवशी चारचौघांत बोललो. नंतरही टोमणे मारले, किती वर्षं. फडक्याचा धागा, फडक्याचा धागा म्हणून. ती हसायची.”

त्यांनी पेन घेतलं, शेवटच्या पानावर जागा शोधली आणि सही केली, पूर्ण नावानिशी. पेनाचं टोपण काही केल्या बसेना, ते मी बसवलं.

“आता मी तिची माफी कशी मागू, मालती?” त्यांनी विचारलं.

“रांगेत उभे राहा,” मी म्हटलं. “माझा नंबर आधी आहे.”